हाताने ओळखलेला लाल

रंगाऱ्याची लेक जागी असताना कधी एका जागी बसली असेल तर शपथ. म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं आणि खरं नाव शाळेतल्या हजेरीपुरतं उरलं. शाळा सुटली की ही भिंगरी घरी न जाता थेट कारखान्यात यायची. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबलचक खोली, मोठाली पातेली, वाफेने कायमच्या ओलसर भिंती आणि छताखाली आडव्या काठ्यांवर वाळत घातलेल्या लोकरीच्या लडी. गालिचे विणणाऱ्यांसाठी इथे लोकर रंगवली जायची आणि तीही मुळं, साली, फुलं, नीळ असल्या देवाघरच्या रंगांनी. रंगारी पातेल्यांपाशी, त्याची थोरली बहीण लडी उलगडायला नि गुंडाळायला, आणि भिंगरी उत्तरेकडच्या खिडकीत.

खिडकीतलं काम मोठ्या मानाचं. एका हातात गिऱ्हाइकाने दिलेला नमुना, दुसऱ्या हातात नवी लडी धरायची आणि निकाल द्यायचा. "जुळलं" किंवा "नाही जुळलं." मधलं काही नाही. रंगाऱ्याला हल्ली जवळचं पुसट दिसू लागलं होतं, आणि पोरीची नजर अशी की दोन पिवळ्यांतला केसाएवढा फरकही तिच्यापासून लपायचा नाही. "आमच्या न्यायाधीशबाईंना विचारा," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते सांगताना त्याची छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

नजरेइतकेच तिचे हातही तयार होते. ती रांगत होती तेव्हापासून त्याने तिच्याशी एक खेळ मांडला होता. डोळे मिट आणि सांग, ही कोणती लडी? लोखंडाच्या पाण्यात बुडालेला काळा हाताला खरखरीत लागतो. निळीच्या लडीला वाळल्यावरही तिचा तो उग्र वास राहतो. फुलांचा पिवळा मऊसूत, आणि मंजिष्ठेच्या मुळांचा लाल किंचित कोरडा, बोटाला धरून राहणारा. भिंगरी सगळ्या लडी भराभर ओळखायची आणि बक्षीस म्हणून बापाच्या पाठीवर बसून खोलीभर फिरायची.

त्या वर्षी मध्येच भिंगरी तापाने आजारी पडली. ताप आला तसा गेला, पोरगी पुन्हा शाळेत जाऊ लागली, पुन्हा खिडकीत येऊन बसली. फक्त अधूनमधून म्हणायची, "बाजूला बघितलं की डोळा दुखतो." तिची आई बसच्या आगारात तिकिटं द्यायची. दिवसभर लोकांची कटकट ऐकून आलेली ती बाई लेकीच्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "अशक्तपणा आहे गं, दूध संपव आधी."

आणि एके दिवशी खिडकीतून निकाल आला, "नाही जुळलं."

लाल रंगाची ती मोठी मागणी होती. रंगाऱ्याने लडी उजेडात धरली, नमुना धरला, डोळे बारीक केले, मोठे केले. त्याला तर जुळल्यासारखं वाटत होतं.

"काय नाही जुळलं गं?"

"लाल शिळा झालाय," भिंगरी म्हणाली.

हा मुळांचा लाल आचेच्या बाबतीत फार मानी असतो. पाणी जरा उकळलं की रुसतो आणि विटकरी होऊन बसतो. रंगाऱ्याने कपाळाला हात लावला. आच चढली असणार, आपलंच लक्ष नव्हतं. त्याने नवी लोकर तुरटीच्या पाण्यात घातली, नवी मुळं कुटली आणि पातेल्यापाशी असा बसून राहिला की जणू आत झोपलेलं बाळ आहे. वाळलेली लडी लेकीपुढे धरली.

"अजून शिळाच."

"अरे, मला तर दोन्ही सारखेच दिसतात," त्याची बहीण मागून म्हणाली.

"अक्का, तुला दूध आणि ताकसुद्धा सारखंच दिसतं."

"दिसतं. पण तोंडात घातल्यावर मला कळतं तरी. तुला तेही कळत नाही. पोरीने दुपारपासून तीनदा पायरीला ठेच खाल्ली, ते बघ आधी."

पण रंगाऱ्याचं डोकं रंगातच अडकलं होतं. पोर चुकणार नाही हे ठरलेलं. आच चुकलेली नाही हे आता स्वतः बसून पाहिलेलं. मग उरलं काय? उरले त्याचे स्वतःचे डोळे! मला लाल दिसेनासा झाला, असं त्याने मनाशी पक्कं केलं, हात धुतले आणि लेकीला बरोबर घेऊन तो चष्म्याच्या दुकानात गेला. सगळं जग त्याला दिसत होतं बिचाऱ्याला, फक्त हाताला धरलेली लेक तेवढी दिसत नव्हती.

चष्मेवाल्याने त्याला जवळचा नंबर काढून दिला. रंगबिंग सगळे ठीक आहेत म्हणाला. "मालक, लाल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो." तोवर भिंगरीला दुकानातली ती खालीवर होणारी खुर्ची फार आवडली होती. रंगारी उठला तशी ती चढून बसली.

"काका, माझेपण तपासा."

"तपासू की," चष्मेवाला हसत म्हणाला. "हां, उजवा डोळा हाताने झाका बघू बाईसाहेब."

भिंगरीने उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "दिवा का घालवलात?"

चष्मेवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. दिवा चालूच होता. त्याने तिच्या दोन्ही डोळ्यांत पुन्हा पुन्हा बॅटरी मारून पाहिली आणि मग रंगाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "घरी नका जाऊ. इथून सरळ मोठ्या दवाखान्यात जा."

माणसाला रस्ता पाठ असतो म्हणून बरं. रंगारी तिला कडेवर घेऊन, इतक्या मोठ्या पोरीला कडेवर घेऊन, कसा पोचला हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. वाटेत भिंगरी विचारत होती, "बाबा, मी चुकले का काही?"

"नाही गं माझे राणी. चुकलो तो मीच."

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई उंच होत्या आणि बोलताना खाली वाकून मुलांच्या पातळीवर यायच्या. त्यांनी भिंगरीला मोठ्या यंत्राच्या बोगद्यात घातलं, रक्त घेतलं, पाठीतून पाणी घेतलं. मग आईबापांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, "डोळे चांगले आहेत. डोळ्याने बघितलेलं मेंदूपर्यंत नेणारी जी नस असते ना, ती सुजली आहे. मुलांमध्ये अशा तापानंतर कधी कधी होतं हे. आधी लाल रंग फिका पडतो, डोळा हलवला की दुखतो, मग अंधार होतो. डावा आधी गेला, आता उजवाही पुसट होतोय."

"येईल ना परत?" आईने विचारलं.

"बहुतेक मुलांची नजर परत येते, चांगली येते. मी वचन देत नाही, पण आशा भरपूर आहे. शिरेतून औषध सुरू करू. त्याने उतार पडला नाही, तर रक्तातला पातळ भाग बदलावा लागेल. त्यासाठी मानेत जरा जाड नळी घालावी लागते."

मानेत नळी! पुढचं रंगाऱ्याला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजवा डोळाही गेला. भिंगरी उठून बसली आणि म्हणाली, "आई, सकाळ झाली का?" आणि आईने आवाज जराही न हलवता सांगितलं, "झाली हो. पांघरूण काढ." ती नंतर बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, तो भाग वेगळा.

औषध थेंब थेंब जात होतं. औषधाने भिंगरीला भूक लागायची अशी की आत्याने आणलेला डबा तिचा हात लागण्याआधीच रिकामा झाल्यासारखा वाटायचा, आणि राग यायचा असा की पांघरूणसुद्धा तिच्याशी भांडायचं. आत्या म्हणायची, "अगदी बापावर गेलीस. तोही लहानपणी असाच, खायला आधी, रडायला आधी, कामाला कुठे दिसायचा नाही."

"आत्या, खरंच?"

"तर! कपाटात बसून गूळ खाल्ला आणि वर मलाच विचारलं, मुंग्या इथे कशाला आल्या?"

भिंगरी खळखळून हसायची. हसताना तिचे डोळे माणसाकडे न बघता दुसरीकडेच लागलेले असायचे, आणि ते पाहून आत्याचंच हसू अर्ध्यावर मोडायचं.

रंगाऱ्याला मात्र रिकाम्या हातांनी बसवेना. ज्या माणसाने जन्मभर सकाळ-संध्याकाळ उजेडात लडी धरून "उतरला का, चढला का" एवढंच केलं, त्याने लेकीच्या उशाशी बसून दुसरं काय करावं? तो कारखान्यातून लडी घेऊन आला. एक काळी, एक निळी, एक पिवळी, एक लाल. तिच्या हातात एक दिली.

"ही कोणती गं?"

"काळी."

रंगारी पुढे सरकून बसला. दुसरी दिली, मग तिसरी.

"निळी. पिवळी."

"आणि ही?"

तिने लडी दोन बोटांत धरली, जराशी थांबली. "लाल. मुळांचा लाल."

रंगाऱ्याच्या तोंडून असा आवाज निघाला की पलीकडच्या खाटेवरचं बाळ दचकून रडायला लागलं. त्याने लेकीचे मुके घेतले, बायकोला मिठी मारली, अक्काच्या पाया पडला. दिसायला लागलं! पोरीला दिसायला लागलं! देवाचं नाव घेत तो तिथेच गोल फिरला. खरं तर त्या क्षणी खोलीतली भिंगरी तोच होता. बायकोच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. तिला लेकीचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यावर रंग ओळखल्याचा आनंद नव्हता, कोणाला तरी खूष केल्याचा होता.

डॉक्टरबाई फेरीवर आल्या तसा रंगारी पुढे सरसावला. "डॉक्टरबाई, आता ती नळीबिळी काही नको. आम्ही जातो घरी. चारही रंग अचूक सांगितले तिने."

"वा!" बाई मनापासून म्हणाल्या. मग खाली वाकल्या. "मला दाखवशील?" त्यांनी लडी बाजूला ठेवल्या आणि खिशातून बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं काढली. एक लाल, बाकीची वेगळी. "यातलं लाल कोणतं गं, बाळा?"

भिंगरीने झाकणं बोटांत घेऊन फिरवली. एकेक करून पाहिली. नाकाशी नेऊन हुंगली. मग तिचा खालचा ओठ पुढे आला.

"ही सगळी एकच आहेत," ती म्हणाली. "यांना काही लागतच नाही."

रंगाऱ्याला एकदम सगळं कळलं. हाताखालची खाट निसटावी तसं कळलं. ज्या खेळात त्यानेच तिला तरबेज केलं होतं, तोच खेळ तो तिच्याशी खेळत बसला होता, आणि त्याला नजर म्हणत होता. जगात दुसऱ्या कोणत्या बापाने ही चूक केली नसती.

डॉक्टरबाईंनी त्याला हिणवलं नाही. उलट लाल लडी हातात घेऊन त्यांनी स्वतः डोळे मिटून ती चाचपली आणि म्हणाल्या, "मला तर लोकर एवढंच कळतंय. हिच्या बोटांना फार कळतं. पण भिंगरीचे बाबा, पुढचं औषध करायला लागेल. आजच ठरवलेलं बरं."

त्याने मान हलवली. सगळे बाहेर गेल्यावर तो लेकीजवळ बसला.

"अगं, दिसत नव्हतं तर सांगायचं ना?"

"तुम्ही कुठे विचारलंत दिसतं का? तुम्ही म्हणालात ही कोणती. मी सांगितलं कोणती."

न्यायाधीशबाई कधी चुकत नसत. मग तिने त्याचा हात शोधला, बोटांच्या टोकांवरचे रंगाने राठ झालेले चट्टे चाचपले आणि हळूच म्हणाली, "आणि तुम्ही खूष झालात ना. मला ऐकू येत होतं."

रंगाऱ्याने लडी पिशवीत भरल्या आणि अक्काकडे देऊन टाकल्या. "ने घरी. आता मी तिला काही विचारणार नाही."

"तुला जमेल का?" अक्का म्हणाली.

"नाही जमणार. पण विचारणार नाही."

नळी घातली गेली. त्या वेळी त्याला बाहेर बसायला सांगितलं, आणि बाहेर लांबलचक बाकावर बसून तो देवाशी बोलला. मागणं मागायचं तर नीट शब्द असावेत, पण त्याला पातेल्यांचेच शब्द येत होते. "देवा, मुळात नि फुलात रंग तू घालतोस. मी नुसता तो काढून लोकरीला देतो, माझं त्यात काय आहे? पण माझं बघणारी ती एकच आहे. ती बघणार नसेल तर मी रंगवू कोणाला दाखवायला? तूही मग कशाला एवढा खटाटोप करतोस?" असं म्हणून तो घाबरला, देवाला उलटं बोललो की काय. मग त्याला वाटलं, जिच्यासाठी बोललो ती त्याचीही लेक आहेच की. बापाचं बोलणं बापाला कळेल.

न विचारणं हे काम त्याने आजवर केलेल्या सगळ्या कामांहून जड निघालं. प्रश्न ओठांवर यायचा, तो गिळायचा. त्याऐवजी तो तिला गोष्टी सांगायचा, तिचे केस विंचरायचा. विंचरणं त्याला येत नव्हतं. आई म्हणायची, "अहो, वेणी आहे ती, लडी नाही." भिंगरी म्हणायची, "आई, असू दे. मला आवडते." आणि त्या पीळदार, वाकड्या वेण्या डोक्यावर मिरवत ती दिवसभर बसायची.

असंच एकदा सकाळी सगळे खोलीत होते. आई सुट्टीवर होती, आत्या डबा उघडत होती, रंगारी वेणीच्या दुसऱ्या पेडात अडकला होता. भिंगरीने चेहरा वाकडा करून हात डोळ्यांपुढे धरला.

"ती खिडकी लावा ना. डोळ्यात येतंय."

डब्याचं झाकण आत्याच्या हातातून खाली पडलं. रंगाऱ्याचे हात वेणीत जिथल्या तिथे राहिले. तोंड उघडलं, "काय येतंय? कुठून येतंय? किती?" सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. तेवढ्यात बायकोने त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला आणि घट्ट धरला. त्याने तोंड मिटलं. उठला. अगदी साध्या माणसासारखा खिडकीपर्यंत चालत गेला, पडदा ओढला आणि विचारलं, "आता बरं वाटतं का?" एवढंच.

"हो," भिंगरी म्हणाली. "आता पुन्हा थोडा उघडा."

त्याने उघडला. पुन्हा ओढला. पुन्हा उघडला. बापलेक तो पडद्याचा खेळ किती वेळ खेळत होते कोण जाणे. डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनीही मध्ये तोंड घातलं नाही.

उजेडामागून आकार आले. दारात कोणी उभं आहे हे कळायला लागलं, मग ते जाडं आहे की बारीक हे कळायला लागलं. "आत्या आली," ती पाऊल न ऐकताच म्हणाली, आणि कशी ओळखलीस म्हणून आत्याने विचारलं तर म्हणाली, "दार भरलं." आत्याने आयुष्यात आपल्या अंगावरून निघालेली गोष्ट एवढ्या आनंदाने ऐकली नव्हती. ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला सांगत सुटली. मग मोठी अक्षरं आली, मग बारीक. उजवा डोळा पुढे धावत होता, डावा मागून लंगडत येत होता. गोळ्या घेऊन भिंगरी घरी आली. गाल औषधाने फुगलेले, आणि एका जागी बसणं पुन्हा बंद झालेलं. शाळेच्या बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिने आठवड्यातच तिथून फळ्याला पाठ करून मागच्यांशी बोलणं सुरू केलं, तेव्हा आईला खात्री पटली की पोरगी बरी होते आहे.

पुढे काही महिन्यांनी दवाखान्यात शेवटची म्हणावी अशी मोठी तपासणी होती. त्या दिवशी आई तिच्याबरोबर आत गेली. रंगारी गेला नाही. "मी आत आलो तर ती माझं तोंड बघून सांगेल," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. माझं तोंड बघून! तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, रुमालात नाक खुपसून मनसोक्त रडला. आतून लेकीचा आवाज येत होता. ती अक्षरं वाचत होती. वरची, मग खालची, मग त्याही खालची. एका ठिकाणी अडखळली, "हे नाही येत," असं स्वच्छ म्हणाली, आणि ते "नाही" ऐकून त्याला सर्वांत जास्त धीर आला.

दार उघडून डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. "उजवा पूर्ण आला. डावा एक ओळ मागे आहे, आणि त्या डोळ्याला लाल अजून जरासा फिका दिसतो. तोही भरून येईल असं वाटतं. नाही आला अगदी सगळा, तरी तिचं काही अडणार नाही. अधूनमधून दाखवायला मात्र आणा, हे पुन्हा होत नाही ना एवढं बघत राहू."

रंगाऱ्याने हात जोडले. बाईंनी त्याचे जोडलेले हात खाली घेतले, त्या निळ्या-काळ्या नखांकडे पाहून हसल्या आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

भिंगरी उड्या मारत बाहेर आली ती बापासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"बाबा, रडलात ना?"

"छे. मी कशाला रडू?"

तिने डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि मान तिरकी करून त्याला न्याहाळलं. "नाक लालभडक झालंय. खूप रडलात."

"नाही गं."

मग तिने हात बदलला, उजवा डोळा झाकला आणि पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. आई मागे पिशवी धरून उभी होती.

"बरं," भिंगरी म्हणाली, "या डोळ्याने बघितलं तर थोडंसंच रडलात."